लिडीचे दात

स्वयंपाकघरातून पोस्टाचा वास आला. टपालाच्या पिशवीच्या गाठीवर लाख ओतून मोहोर मारतात, तेव्हा खिडकीशी उभं राहिलं की येतो तो. जळकट आणि जरा गोडसर. मी पुढच्या खोलीत मुलींच्या सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. प्रश्न चौथा: धातूच्या वस्तू स्वच्छ करण्याच्या रीती सांगा. पितळेला चिंच, तांब्याला लिंबू आणि मीठ, चांदीला सोड्याचं उकळतं पाणी, सोन्याला रिठ्याचं उकळतं पाणी. चाळीसपैकी अडतीस मुलींनी बरोबर लिहिलं होतं, कारण फळ्यावर मीच लिहून दिलं होतं. गृहशास्त्राची बाई मी. आता पोस्टाचा वास घरात कशाला येईल, असं मला खरोखरच वाटलं, आणि हातातल्या पेपरवर लाल पेन्सिलीनं खूण करून मगच मी उठले. ती एक खूण माझ्या डोक्यातून जात नाही. तेवढ्यानं काय फरक पडला असता, असं एक मन म्हणतं, आणि दुसरं मन लगेच म्हणतं, पडला असता.

शेगडीवर पातेलं रटरटत होतं. रिठ्याचा फेस काठापर्यंत आला होता आणि त्या पांढऱ्या फेसात तांबडे-काळे ओघळ फिरत होते. मी पदरानं पातेलं उतरवलं, हात पोळला, तरी तसंच पाणी चहाच्या गाळणीतून मोरीत ओतलं. गाळणीत आईच्या बोरमाळेचे सतरा मणी उरले. सकाळी ते बोरांसारखे गोल होते. आता त्यांच्या मनुका झाल्या होत्या. एकेकाच्या भोकातून काळपट चिकट काहीतरी बाहेर आलं होतं आणि बोटाला लागत होतं. सोन्याच्या आत हे असतं हे मला माहीत नव्हतं. एक्केचाळीस वर्षांची बाई, वीस वर्षांची नोकरी, आणि सोन्याच्या मण्याच्या आत काय असतं हे माहीत नाही. पण मला कोण सांगणार होतं? मी सातव्या वर्षापासून मिशनच्या बोर्डिंगात वाढले. तिथं कानात काडीसुद्धा घालू देत नसत. तिथं शिकले ते उकळणं. चादरी उकळा, चमचे उकळा, पिण्याचं पाणी उकळा. जे स्वच्छ करायचं ते उकळायचं, एवढं माझ्या हाडात भिनलेलं आहे.

परसात उन्हात बाज टाकली होती. आई तिथं बसली होती आणि शेजारच्या मरियाबाई तिचे केस विंचरत होत्या. डिसेंबरातलं नगरचं ऊन, अंगाला लागत नाही पण बरं वाटतं. आईचा आवाज आला, "बाई, झालं का वो? वाळत घाला सावलीला." मला ती बाईच म्हणते. अहोजाहो करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जायला लागलं. आधी चुलत्या-मावश्या, मग माझे वडील, आणि मग मी. म्हणजे मी गेले नाही; मी बोर्डिंगात आहे. सात वर्षांची आहे, नगरला शिकते आहे, आणि सुटीला येणार आहे. मी जी घरात वावरते, तिला जेवू घालते, तिची लुगडी धुते, ती कोणी शाळेतली बाई आहे, भली आहे, पण परकी. रोज दिवसातून चार वेळा ती मला विचारते, "बाई, आमच्या लिडीला सुटी कवा हाय?" सुरुवातीला मी म्हणत असे, अगं आई, मीच लिडी. त्यावर ती इतकी ओशाळायची, लोकांसमोर कुणी भलतीच थट्टा केल्यासारखी, की मी ते सोडून दिलं. आता मी म्हणते, नाताळला. आणि नाताळ मंगळवारवर येऊन ठेपला होता.

ही बोरमाळ वडिलांनी केली होती. शांतवन मास्तर, पुणतांब्याच्या शाळेवर. आईचं माहेर सोनई. तिथल्या सोनाराकडून लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी ती घडवून आणली. मिशनच्या मडमेला कुणीतरी सांगितलं. मडम घरी आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, सारा, ख्रिस्ती बाईला शील हाच दागिना. आई हो म्हणाली. माळ तिनं काढली नाही, चोळीच्या आत सारली. नंतर देवळात जाताना, मास्तरणींच्या सभेत, मडम आली की, माळ चोळीच्या आत. आणि मी पोटाशी पदराखाली असले की माझ्या तोंडाशी. मला दात आले ते त्या माळेवर. खालचे पहिले दोन. एका मण्यावर तांदळाच्या कणीएवढे दोन खळगे शेजारी शेजारी पडले होते. वडील म्हणाले होते म्हणे, सोनाराकडे देऊन नीट करून आणू. आई म्हणाली, सोनाराला असं नक्षीकाम येतंय व्हय? ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली की पुढं मला तिचा कंटाळा यायचा. सुटीत घरी आले की आई शनिवारी माळ काढायची, काशाच्या वाडग्यात रिठा चोळायची, दातवणाची काडी चावून तिचा कुंचला करायची आणि एकेक मणी घासायची. त्या मण्याशी आली की थांबायची आणि मला हाक मारायची. मी पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, माहीत आहे मला.

आणि आता तोच एक मणी माझ्या कामाचा राहिला होता. सगळं गेलं तरी आईचा शनिवार गेला नव्हता. वार तिला कळत नाही, पण शनिवारी ती आपण होऊन गळ्याशी हात नेते. वाडगा मागते. बोटं थरथरतात, पाणी सांडतं, पण हात विसरलेले नाहीत. मणी फिरवता फिरवता बोट त्या खळग्यांवर गेलं की ती थांबते. मग ती हसते. "बाई, ह्ये बघा. आमच्या लिडीचे दात." आणि कधीतरी, फार क्वचित, ते बोट तिथंच ठेवून ती मान वर करते, माझ्याकडे बघते, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी जागेवर बसतं. वर्षभरात तीनदा. मी मोजलेत. शेवटचं भाद्रपदात. ती म्हणाली होती, "आलीस व्हय गं? किती वाळलीस." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझं डोकं तिथं असेपर्यंत ती मला ओळखत होती. उठल्यावर म्हणाली, "बाई, तुमाला बरं वाटंना का?" तेवढ्यासाठी मी आठवडाभर शनिवारची वाट बघते. देवळात रविवारी मी मागते ते दुसरं काही नाही. पण मी देवाशी खोटं बोलले तरी इथं बोलू नये. मला त्या शनिवारचा रागही येत असे. दोन-दोन तास ती घासत बसणार, मी समोर बसणार, पेपर तसेच पडणार, आणि शंभर वेळा "लिडीचे दात" ऐकून एकदाही मान वर व्हायची नाही. लढाई संपली तरी बाजारात साबण धड मिळत नव्हता, मण्यांच्या फटींत तेल आणि मळ साचून माळ काळवंडली होती. नाताळला देवळाच्या मंडळीतल्या बाया भेटायला येतात. गृहशास्त्र शिकवते आणि आईचा गळा बघा, असं कोणी म्हणेल, हेही मनात होतंच. त्या सकाळी आईनं माळ काढली आणि मी म्हटलं, "आई, दे इकडे, मी करते. पाच मिनिटांत होईल." तिनं दिली. परक्या बाईला कुणी देतं का? पण मी बाई ना, शाळेतली. तिनं विश्वासानं दिली. दोरा मळकट होता तो मी कात्रीनं तोडून टाकला. मणी सुटे पातेल्यात टाकले. कोणता कुठला हे आता देवच जाणे.

सहादेव सोनार गल्लीच्या टोकाला बसतो. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मी रुमाल सोडला तसं त्यानं मण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुनी केलं ह्ये?"

"मी."

"भात शिजत घातला हुता का काय?" माझं तोंड बघून तो जरा वरमला. "ऱ्हाऊ द्या. तुमी शाळंत शिकवता न्हवं? काय शिकवता?"

"गणित," मी म्हणाले. आयुष्यात एवढं सरळ खोटं मी पहिल्यांदाच बोलले असेन.

त्यानं एक मणी चिमट्यात धरून उजेडाकडे केला. "बाई, ह्ये भरीव सोनं न्हाई. वरून नुसता पत्रा, कांद्याच्या सालीवानी. आत लाख. गरिबाला थोडक्यात भरगच दिसावं म्हनून करत्यात. त्याला उकळी लागली की लाख पातळ हुती, पत्रा खाली बसतोय. ह्येला कोमट पानी. लेकराच्या आंगुळीला घेतो ना, तसं. घरात कुनी म्हातारं मानूस न्हवतं का सांगायला?"

"आहे," मी म्हणाले.

आणि मला तिचं कोपर दिसलं. पुणतांब्याचं घर, मागच्या दारी गोदावरीकडून येणारा गार वारा, वाडग्यातून निघणारी जराशी वाफ, आणि आई चोळीची बाही वर सारून कोपर पाण्यात टेकवते. दर वेळी. माळ पाण्यात सोडण्याआधी दर वेळी. मी ते कितीदा पाहिलं होतं. मला वाटायचं हा तिचा लाडिकपणा, माळेला लेकरू समजते, आणि मला तिची लाजही वाटायची, कारण बोर्डिंगात असल्या गोष्टींना अडाणीपणा म्हणत. एकदा मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं की आई, पाण्याचं उष्णमान मोजायला यंत्र असतं. ती म्हणाली होती, "आसंल की. आमचं ह्ये यंतर." आणि कोपर दाखवून हसली होती. त्या कोपरात सगळी विद्या होती आणि मी ती बघत बघत मोठी झाले, वीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींना धातू शिकवले. आज सकाळीसुद्धा, मी पातेलं घेऊन निघाले तेव्हा, परसातून तिनं हाक मारून काहीतरी म्हटलं होतं. "बाई, हात घालून बगा." मी म्हटलं, हो हो. म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं हो हो.

सहादेव म्हणाला, सोमवार संध्याकाळपर्यंत करून देतो. राहिलेली लाख काढायची, पत्रा नरम करून ठशावर पुन्हा गोल करायचा, नवी लाख भरायची. "नव्यावानी हुईल बगा."

"एका मण्यावर खूण होती," मी म्हणाले. "दोन बारीक खळगे. तो तसाच ठेवता येईल?"

"कंचा मनी?"

त्यानं सतराही मणी थाळीत पसरले आणि भिंग माझ्या हाती दिलं. मी एकेक उचलून पाहिला. एकाला दोन खळगे होते. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला दोन, पण लांब लांब. एक इतका चेमटला होता की त्याला आत आणि बाहेर राहिलंच नव्हतं. मी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. दुकानात दोन गिऱ्हाइकं येऊन थांबली, बायका कुजबुजल्या. माझेच दात मला ओळखता येईनात. शेवटी मी एक मणी काढून बाजूला ठेवला, मग तो नव्हे म्हणून दुसरा ठेवला, मग दोन्ही थाळीत टाकले आणि भिंग परत दिलं.

"सगळेच करा," मी म्हणाले.

शनिवार, रविवार आई गळ्याशी हात नेत राहिली. उघड्या मानेवर बोटं फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. मी सांगितलं, दुरुस्तीला दिली आहे. ती म्हणायची, "काय झालं तिला?" जसं आजारी माणसाबद्दल विचारावं. अर्ध्या तासानं पुन्हा, "काय झालं तिला?" मरियाबाई म्हणाल्या, "बाई, तुमी जिवाला लावून घेऊ नका. त्यांना कुटं कळतंय?" कळत नाही तेच तर माझं दुखणं होतं, कळत असतं तर मी पाया पडून माफी मागितली असती, ती दोन दिवस रागावली असती, संपलं असतं. जो माणूस रागावूच शकत नाही त्याची माफी कशी मागायची, हे मला कुठल्या देवळात कुणी शिकवलेलं नाही.

सोमवारी माळ आणली. सुरेख झाली होती, हे खोटं कशाला सांगू? सतरा मणी एकसारखे, गोल, झळझळीत, लाल रेशमात गुंफलेले. सहादेव म्हणाला, "चार दिवस जपा. लाख ताजी हाय, अजून कडक झाली न्हाई." नाताळच्या सकाळी मी आईला न्हाऊ घातलं. पाणी बघायला कोपर घातलं. मरियाबाईंनी करंज्या आणून दिल्या होत्या, देवळाची घंटा झाली, गल्लीतून मुलं गाणी म्हणत गेली. मी उपासनेला गेले नाही. आईला नवं लुगडं नेसवलं, बाजेवर उन्हात बसवलं आणि माळ तिच्या गळ्यात घातली. ती खुलली. दोन्ही हातांनी माळ पुढं घेतली आणि बोटं चालायला लागली. एक मणी, दुसरा, तिसरा. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले होते. सतरा झाले. ती थांबली, पुन्हा पहिल्यापासून निघाली. या वेळी सावकाश, अंगठ्यानं दाबून. तिसऱ्या फेरीला तिचा चेहरा बदलला. तिनं माळ डोक्यावरून काढली आणि माझ्या हातात दिली.

"बाई, ही माजी न्हवं."

"तुझीच आहे, आई. धुऊन आणली."

"न्हाई वो. माजीवर लिडीचे दात हायेत." ती रागावली नव्हती. दुसऱ्याच्या ताटात चुकून हात गेल्यासारखी ती संकोचली होती. "चुकून दुसऱ्याची आली आसंल."

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात शेगडीजवळ उभी राहिले. माळ हातात होती आणि मला सहादेवचं बोलणं आठवलं, लाख ताजी हाय. मी कुठलाही एक मणी धरला, तोंडात घातला आणि खालच्या दातांनी दाबला. गार लागला, मग कोमट झाला. जरा जोर केला तसा तो बसला, अगदी हलके, शिळ्या गुळाचा खडा बसावा तसा. लाखेचा वास नाकात गेला. एक्केचाळीस वर्षांची बाई नाताळच्या दिवशी स्वयंपाकघरात उभी राहून आईची माळ चावते आहे, हे मरियाबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनी डॉक्टरला बोलावलं असतं. मी मणी पदराला पुसला. दोन खळगे पडले होते, शेजारी शेजारी. मला इतकं बरं वाटलं की मी जवळजवळ धावतच परसात आले.

"आई, ही बघ. ही तुझी."

तिनं माळ घेतली. बोटं चालली. पाचव्या की सहाव्या मण्याशी थांबली. तिचा अंगठा त्या खळग्यांवर गेला, परत गेला, मोजल्यासारखा एकातून दुसऱ्यात. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. कितीतरी वेळ. मी म्हणणार होते, हो, आले मी.

"ह्ये मोठ्या मानसाचे दात हायेत," ती म्हणाली.

मी माळेसाठी हात पुढं केला.

"कुना बाईची हाय ही. बिचारीनं रागात चावली आसंल, न्हाईतर दुखण्यात." तिनं माळ माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं एकेक करून मिटवली. तिचे हात अजून न्हाण्यानं उबदार होते. "जा बाई, जिची हाय तिला देऊन या. ती हुडकत आसंल. घर उलथंपालथं केलं आसंल तिनं. सनाच्या दिशी असं करू नये."

"देऊन येते," मी म्हणाले.

मी पुढच्या दारानं बाहेर पडले. ओट्यावर उभी राहिले. देवळातून माणसं सुटली होती, बाया ओळखीचं हसत होत्या, नाताळच्या शुभेच्छा बाई, आई कशा आहेत? बऱ्या आहेत, मी म्हणाले. माळ घेऊन मी कुठं जाणार होते? जाऊन येण्याइतका वेळ काढायचा म्हणून मी कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत गेले आणि परत आले. येताना माळ गळ्यात घातली आणि पोलक्याच्या आत सारली. आई दाराकडेच बघत बसली होती.

"दिली?"

"दिली."

"काय म्हनली?"

"काही नाही. रडली."

"रडनारच की." आईनं सुस्कारा टाकला आणि बाजेवर सरकून मला बसायला जागा केली. मी बसले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, परक्या माणसाच्या पाठीवरून फिरवतात तसा. "लई बरं केलं, बाई. तुमच्या आयनं वळन चांगलं लावलंय तुमाला." मग थोडं थांबून म्हणाली, "आमच्या लिडीला सुटी कवा हाय?"